‘तेल मागायलाय बुश’ : सोलापुरातल्या एका जुन्या गाडीच्या ब्लोअर मोटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या दुकानातलं आहे. सोलापुरात गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम मी बरीच वर्षं करतोय. सेल्फ, डायनॅमो, वायरिंग, आणि उन्हाळा लागला की ब्लोअर. गिऱ्हाईकाची ओळख पटेल असं काही इथे लिहिलेलं नाही. गाडीची कंपनीही गाळली आहे, कारण दोष कंपनीचा नव्हता. आकडे आणि घटनांचा क्रम मात्र कामाच्या वहीत त्या त्या दिवशी लिहिले तसेच घेतले आहेत.

गाडी २००३ सालची, छोटी, पेट्रोलवरची, एसी असलेली. ८४ हजार किलोमीटर झालेली. मालकांना मी काकाच म्हणतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणारा, म्हणून काढली. माग कुठे अडखळतो हे नुसतं शेडमध्ये शिरल्यावर कानानं ओळखणारी ही पिढी. निवृत्त झाले तरी सकाळचे दोन-तीन तास ते अजून कारखान्यात जातात. गाडी शेडच्या भिंतीलगत सावलीला लावतात, आणि त्याच भिंतीत वर हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा आहे. ही गोष्ट मला पहिल्या दिवशी कळायला हवी होती. ती कळली आठवडाभरानं, कारण मी विचारलंच नाही.

आधी एक शब्द स्पष्ट करतो. गाडीत हवा सोडणाऱ्या पंख्याच्या मोटरला आपल्याकडे कुणी हीटर मोटर म्हणतं, कुणी ब्लोअर. अशा छोट्या गाडीत आतल्या हवेचा पंखा एकच असतो. तोच एसीच्या गार जाळीतून हवा ढकलतो आणि तोच हीटरच्या गरम जाळीतून. सोलापुरात हीटरची गरज फार तर गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत पहाटे लागते. बाकी वर्षभर तो खटका निळ्या बाजूलाच असतो. पण स्पेअर पार्टच्या दुकानात नुसतं ‘हीटर मोटर’ म्हटलं तर कधी कधी बिनएसी मॉडेलची मोटर हातात पडते, आणि ती वेगळी असते. दुकानात जाताना जुनी मोटर सोबत न्यावी.

तक्रार

फेब्रुवारीत सकाळी पंखा लावला की चिरचिर यायची. दोन-तीन मिनिटांत थांबायची. काकांना तेव्हाच कळलं होतं. ‘बुश कोरडा पडलाय. माग असाच ओरडतो. तेल मागायलाय बुश,’ हे त्यांचे शब्द. बुश म्हणजे मोटरचा शाफ्ट, मधला दांडा, ज्यात फिरतो ती धातूची छोटी नळी. निदान शंभर टक्के बरोबर होतं. पुढे जे झालं ते उपाय चुकल्यामुळे.

मार्चमध्ये एका ओळखीच्या माणसानं डॅशबोर्डखालून नळी घालून मोटरवर गंज सोडवायचा स्प्रे मारला. आवाज गेला. दहा-बारा दिवसांनी परत आला, या वेळी चिरचिरीच्या जोडीला घरघरही. एप्रिलमध्ये पंख्याचा फ्यूज दोनदा उडाला. दुसऱ्यांदा रस्त्यातच कुणीतरी २० अँपिअरच्या जागी ३० चा बसवून दिला. ‘आता उडणार नाही’ असं सांगितलं, आणि खरंच उडाला नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात काका आले. पहिल्या स्पीडला पंखा सुरूच होत नव्हता, डॅशबोर्डवर थाप मारली की फिरायचा. चौथ्या स्पीडला बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि त्यांनी अगदी शेवटी, दुकानातून निघता निघता सांगितलं की दोन दिवसांपासून अधूनमधून जळका वास येतोय, कापूस जळल्यासारखा.

माझ्या दृष्टीनं हा या प्रकरणाचा पहिला निर्णयाचा टप्पा. आवाजाच्या तक्रारीला थांबता येतं, जळक्या वासाला नाही. मी त्यांना गाडी ठेवून जायला सांगितलं. त्यांना ते अवघड होतं. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितली होती, शनिवारी सकाळी दहाला तपासणी होती, आणि बाहेर ऊन असं की काच बंद करून एसीशिवाय पाच मिनिटं बसवत नव्हतं. तो गुरुवार होता. मी म्हटलं, ‘काका, गाडी न्या हवं तर, पण पंख्याचा खटका शून्यावर ठेवा, आणि मी हा फ्यूज काढून घेतो.’ त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि किल्ली टेबलावर ठेवली. घरी रिक्षानं गेले.

आवाज कुठला, हे न उघडता

मोटर खाली उतरवण्याआधी मी दहा मिनिटं नुसती ऐकण्यात घालवतो. वाचायला हे सोपं वाटेल, पण ब्लोअर बदलूनही आवाज तसाच राहिला म्हणून वैतागलेली माणसं मी पाहिली आहेत, कारण आवाज डायनॅमोच्या बेअरिंगचा किंवा एसीच्या कॉम्प्रेसरचा होता. म्हणून इंजिन बंद ठेवायचं, किल्ली ऑनला आणायची आणि पंख्याचे चारही स्पीड एकेक करून ऐकायचे. इंजिन बंद असतानाही आवाज तोच असेल तर तो पंख्याचाच. मग हवा आतल्या आत फिरवायचा खटका इकडून तिकडे करायचा. त्यानं आवाज बदलला तर झडपेत पान किंवा कागद अडकलेला असू शकतो.

आवाजाच्या जाती वेगळ्या असतात. टकटक, आणि स्पीड वाढवला की जलद टकटक, म्हणजे पंख्याच्या पात्यांना काहीतरी लागतंय. बहुतेक वेळा निंबाची काडी. गार असताना चिरचिर आणि गरम झाल्यावर शांत, म्हणजे कोरडा बुश. वळणावर गाडी एका अंगाला गेली की आवाज बदलतो, म्हणजे बुश झिजून शाफ्टला खेळ आलाय. आणि तिसऱ्या-चौथ्या स्पीडला पायाखालच्या पत्र्यापर्यंत जाणवणारी थरथर, म्हणजे पंख्याचा तोल गेलाय. या गाडीत पहिले तीन आवाज होते. चौथा नव्हता. हे मी वहीत लिहिलं, आणि पाच दिवसांनी ते लिहिलेलं कामाला आलं.

ग्लोव्ह बॉक्स काढून क्लॅम्प मीटर, वायरीभोवती धरून करंट मोजायचा, लावला. चौथ्या स्पीडला १७ अँपिअर. एवढ्या मोटरनं ११ ते १३ घ्यावेत असा माझा अनुभव. मोटर ओढत होती, म्हणजे फिरायला तिला जास्त जोर लागत होता. २० चा फ्यूज उडायचा तो यामुळे: चालू होताना क्षणभर करंट याहून बराच वर जातो. आणि इथे मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. फ्यूज मोटरसाठी नसतो, वायरसाठी असतो. कंपनीनं २० च्या फ्यूजच्या हिशेबानं वायर टाकलेली असते. तिथे ३० चा घातला की फ्यूज शांत राहतो आणि जळायची पाळी वायरीवर येते. मोटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, हातात घेतला तेव्हा एक पिन तांबूस-काळी पडली होती आणि प्लास्टिकला फुगवटा आला होता. जिथे हे दिसतं तिथे आवाज दुय्यम झाला.

उघडल्यावर काय दिसलं

तीन स्क्रू, एक कपलर, मोटर गार ठेवायची एक छोटी रबरी नळी. मोटर पंख्यासकट खाली आली. तिच्याबरोबर निंबाची वाळलेली पानं आणि देठ पडले, ते अपेक्षित होतं. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत, या गाडीतही, आतल्या हवेला फिल्टर नसतो. वायपरखालच्या जाळीतून जे पडेल ते सरळ पंख्यापर्यंत जातं.

अपेक्षित नव्हतं ते पंख्यामागे होतं. पंख्याचा मधला भाग आणि मोटरचं तोंड यांच्यामध्ये शाफ्टभोवती पांढऱ्या-करड्या कापसाचं कडं गुंडाळलेलं. बोटाएवढं जाड, घट्ट, चरख्यावर सूत भरावं तसं. पकडीनं ओढलं तर तेलानं ओलं.

हे कडं हातात धरून मी बराच वेळ उभा होतो, कारण सगळा उलगडा त्यात होता. या मोटरचे बुश ब्राँझची भुकटी दाबून केलेले असतात. वरून गुळगुळीत दिसतात, पण आत स्पंजासारखी बारीक छिद्रं असतात. बुशच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा ही पोकळी, आणि तिच्यात तेल मुरलेलं. शाफ्ट फिरून गरम झाला की तेल बाहेर येतं, थांबला की परत शोषलं जातं. वर्षानुवर्षं असंच चालतं. पण बुशच्या तोंडाशी कापूस टेकला तर तो वातीचं काम करतो. निरांजनातली वात तेल ओढते तसं त्यानं बुशमधलं तेल ओढून घेतलं. वरचा बुश कोरडा पडला तो झिजून नव्हे, कुणीतरी त्याचं तेल पीत होतं म्हणून. मग मार्चमधला स्प्रे आला. त्यातलं पातळ द्रावण उरलंसुरलं तेल धुऊन घेऊन गेलं. दहा दिवस तोच स्प्रे तेलाचं काम करत होता, तो उडून गेला आणि धातूवर धातू घासायला लागला.

जळक्या वासाचा पत्ता ब्लोअरच्या त्याच खोक्यात पण दुसऱ्या कोपऱ्यात लागला. पहिल्या तीन स्पीडला मोटरचा करंट रेझिस्टन्सच्या तारेच्या वेटोळ्यांतून जातो, चौथ्याला थेट. ही वेटोळी मुद्दाम हवेच्या मार्गात बसवलेली असतात, म्हणजे पंख्याची हवाच त्यांना गार ठेवते. इथे पहिल्या स्पीडला पंखा अडून बसायचा. करंट चालू, हवा बंद, वेटोळी तापलेली, आणि वेटोळ्यांवर कापसाचे तंतू. तीन-चार तंतूंची टोकं काळी झालेली होती. मी काकांना फोन करून एवढंच सांगितलं की गाडी ठेवून गेलात ते फार बरं केलंत.

कोणते पर्याय होते

शुक्रवारी सकाळी काका दुकानात आले. मोटर टेबलावर उघडी होती. मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला.

सगळ्यात स्वस्त म्हणजे साफ करून तेल देणं, अडीचशे रुपयांचं काम. वरच्या बुशमध्ये खेळ नसता तर मी तेच केलं असतं. पण शाफ्ट बोटानं हलवला की हलत होता. झिजलेल्या बुशला तेल दिलं तर आवाज महिनाभर दबतो, एवढंच. हा पर्याय दोघांनीही लगेच सोडला.

भंगार बाजारात याच मॉडेलची जुनी मोटर सहाशेला होती. जुन्या मोटरबद्दल माझं मत असं की ती कोणत्या कारणानं भंगारात आली हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय त्या दुकानातली मोटर तपासली तर कपलरच्या वायरी कुणीतरी उलट जोडलेल्या होत्या. उलट फिरवला तरी हा पंखा हवा त्याच दिशेला टाकतो, पण कमी टाकतो आणि आवाज जास्त करतो. माणूस मग एसीचा गॅस भरत बसतो.

ओरिजनल मोटर ४,२०० रुपये, पुण्याहून मागवायची, आठ ते दहा दिवस. लोकल बनावटीची नवी मोटर पंख्यासकट १,६००, तासाभरात हजर. आणि पाचवा पर्याय म्हणजे हीच मोटर उघडून दोन्ही बुश बदलायचे, कॉम्युटेटर (शाफ्टवरचा तांब्याचा भाग, ज्यावर कार्बन घासून करंट देतात) साफ करायचा, कपलर नवा टाकायचा. साधारण हजाराच्या आत.

शनिवारची अडचण बघता लोकल मोटर सरळ दिसत होती, आणि दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर मी तीच सुचवली असती. पण टेबलावरच्या मोटरचं आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता भाग, उत्तम होतं, कार्बन ८ मिलिमीटर शिल्लक, चुंबकांना तडा नाही. काकांनी आर्मेचर हातात घेऊन उजेडाकडे धरलं, कॉम्युटेटरवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘हे मेलेलं नाय. उपाशी हाय नुसतं.’ लोकल मोटरचा पंखा मी मागवून दाखवला, त्याचं प्लास्टिक पातळ होतं. त्यांनी बुश बदलायचं ठरवलं. मला ते पटलं. त्या निर्णयात वेळेचा एक धोका होता, तो मी त्यांच्यापुढे नीट मांडला नाही.

काय केलं

ही मोटर उघडण्यासाठी बनवलेली नसते. डब्याचे कान वाकवून झाकण बंद केलेलं असतं. ते कान दोनदा, फार तर तीनदा वाकवता येतात, मग तुटतात. म्हणून उघडण्याआधी ठरवायचं की काय काय बदलायचं, आणि एकदाच उघडायचं. डब्यावर आणि झाकणावर रंगाची एकच उभी रेघ मारून घेतली, म्हणजे बंद करताना कार्बन आणि चुंबकाची जागा सरकत नाही.

नवे बुश आणल्यावर ते कोमट टर्बाइन ऑइलमध्ये, ६८ नंबरच्या, चार तास बुडवून ठेवले. इंजिन ऑइल मी यात वापरत नाही. त्यातली साफ करणारी रसायनं कालांतरानं बारीक छिद्रं बुजवतात. शिलाई मशीनचं तेल फार पातळ पडतं. बुश दाबून बसवल्यावर शाफ्ट घट्ट जात होता. अशा वेळी पॉलिश पेपर आत फिरवायचा मोह होतो. तसं केलं की धातू पसरून छिद्रांची तोंडं बंद होतात आणि नवा बुश पहिल्या दिवसापासून कोरडा. मापाची गुळगुळीत पिन दाबून बुश मापात आणला. वेळ लागला, पण शाफ्ट बोटानं फिरवला की तीन-चार फेरे घेऊन थांबायला लागला.

रेझिस्टन्सची वेटोळी ब्रशनं आणि हवेनं साफ केली. कपलर कापून नवा लावला, पिना दाबून आणि झाळून. फ्यूज परत २० चा. पंखा पोऱ्यानं साबणाच्या पाण्यात धुतला, तो मी बघितला नाही.

शुक्रवारी रात्री साडेआठला मोटर चढवली. क्लॅम्प मीटर चौथ्या स्पीडला १२.५ अँपिअर दाखवत होता. पहिल्या स्पीडला पंखा थाप न मारता सुरू. चिरचिर नाही, टकटक नाही. चौथ्या स्पीडला पायाखाली किंचित थरथर लागली. मी ती लागलेली ओळखली आणि तरी किल्ली दिली. जुनी गाडी आहे, इतकं चालायचं, असं मनाशी म्हटलं. शनिवारची तपासणी डोक्यात होती.

चार दिवसांनी

मंगळवारी काका परत आले. काकूंचा डोळा उत्तम होता, एसी गार होता. त्यांची एकच तक्रार होती. ‘चिरचिर गेली. पण आता घुमतंय. हे आधी नव्हतं.’

वही उघडली. गुरुवारच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, ‘थरथर नाही.’ म्हणजे ती आमच्या दुकानात आली होती.

पंखा काढला. अशा पंख्याच्या एखाद्या पात्यावर कारखान्यातच पत्र्याची छोटी क्लिप बसवलेली असते, तोल साधण्यासाठी. गाडीच्या चाकाला शिसं लावतात तसंच. या पंख्याच्या एका पात्यावर क्लिपचा पुसट ठसा होता, क्लिप नव्हती. पोऱ्याला विचारलं. तो घाबरला, मग म्हणाला की धुताना काहीतरी पत्र्यासारखं अडकलेलं निघालं, कचरा समजून टाकलं. चूक त्याची नाही. त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं, आणि शुक्रवारी हाताला थरथर लागूनही गाडी मी सोडली होती.

तोल परत साधायला दीड तास गेला. पंखा मोटरच्या शाफ्टवर ठेवून जड बाजू खाली येते का बघावं म्हटलं तर ते जमत नाही, चुंबक आणि कार्बन शाफ्टला धरून ठेवतात. म्हणून गुळगुळीत सळईवर पंखा सैल टांगून पहिला अंदाज घेतला. मग मोटर वाइसमध्ये धरली, वाइसवर स्टीलच्या पेल्यात पाणी ठेवलं आणि पंखा चालवला. पाण्यावरच्या वलयांवरून थरथर किती ते डोळ्यांना दिसतं. ठसा असलेल्या पात्यावर पत्र्याची पट्टी चिमटून, थोडी थोडी कापत, पाणी जवळजवळ स्थिर होईपर्यंत. काका सगळा वेळ स्टुलावर बसून होते. शेवटची कापणी त्यांनीच सुचवली. ‘अजून नखाएवढं काढ.’ काढलं आणि पेला शांत झाला.

या कामाचे पैसे घेतले नाहीत.

कापूस कुठून आला

त्या दीड तासाच्या गप्पांत मी पहिल्यांदा विचारलं की गाडी उभी कुठे असते. बहुतेक मोटरी मी पानं-काड्यांमुळे बिघडलेल्या बघतो, म्हणून कापूस बघूनही ‘कारखान्यात जातात, कपड्यांवरून येत असेल’ इतक्यावर मी थांबलो होतो. काकांनी भिंतीतल्या पंख्याचं सांगितलं आणि दोघांनाही एकाच वेळी कळलं. टॉवेलचं कापड म्हणजे दोऱ्याचे उभे फासे. विणताना आणि कापताना त्यातून साध्या कापडापेक्षा कितीतरी जास्त तंतू सुटतात. तो पंखा ते सगळं काकांच्या वायपरखालच्या जाळीवर ओतत होता, रोज तीन तास, कित्येक वर्षं.

दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेलो. बॉनेट उघडलं तर वायपरखालच्या पोकळीत कापसाची गादी होती. पावसाचं पाणी जायची भोकंही तिनं बंद केलेली. ती तशीच राहिली असती तर पावसाळ्यात साचलेलं पाणी मोटरवर उतरलं असतं.

फोमचा तुकडा लावावा का, असं काकांनी विचारलं. फोम हवा अडवतो आणि पाणी धरून ठेवतो, म्हणून नको म्हटलं. स्टीलची मच्छरजाळी मापानं कापून वायपरखालच्या जाळीच्या आतल्या बाजूनं बसवली. ती तंतू थोपवते, पण तुंबतेही. पंधरा दिवसांनी तिच्यावरून दात घासायचा जुना ब्रश फिरवायचा. गाडी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाच्या सावलीत लावायचं ठरलं. पानं पडतील, पण पानं जाळीवर दिसतात आणि हातानं उचलता येतात. हवा आतल्या आत फिरवायचा खटका कारखान्याच्या आवारात चालू ठेवायचा. पण त्या वेळी पंखा हवा गाडीच्या आतूनच ओढतो, डाव्या सीटच्या पायापाशी. म्हणून तिथलं कार्पेटही झटकायचं, कारण काकांच्या अंगावरून उतरलेले तंतू तिथेच पडतात.

एकूण खर्च ९३० रुपये झाला, जाळीसह.

सध्याची स्थिती

पावसाळा आणि हिवाळा गेला. गड्ड्याच्या आठवड्यात काका अक्कलकोटला जाऊन आले, पहाटे निघाले होते, काचेवरचं धुकं घालवायला हीटर लावला होता. परतल्यावर दुकानात आले तेव्हा मीटर लावून पाहिला. चौथ्या स्पीडला १२.६. कपलर गार. जाळी काढून बघितली, तिच्या वरच्या अंगाला कापसाचा पातळ थर होता, खाली काही नाही.

एक गोष्ट अजून मनासारखी नाही. तिसऱ्या स्पीडला अगदी बारीक गुणगुण येते, आणि ती बुशची की माझ्या हातानं साधलेल्या तोलाची हे मला ठरवता आलेलं नाही. करंट वाढलेला नाही, शाफ्टला खेळ नाही. डब्याचे कान आणखी एकदाच वाकतील, म्हणून तेवढ्यासाठी उघडायची नाही असं दोघांनी ठरवलं.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

फेब्रुवारीत, नुसती चिरचिर असताना, मोटर खाली उतरवली असती तर कदाचित कापसाचं कडं काढून दोन थेंब योग्य तेलावर भागलं असतं. बुश तेव्हा झिजला नसावा. काकांचं निदान त्या वेळी कुणी मनावर घेतलं नाही, कारण गाडीबद्दल माग चालवणारा माणूस बोलत होता. गिऱ्हाईक जेव्हा आवाजाला नाव देतो तेव्हा ते नाव वहीत लिहायची सवय मी आता लावून घेतली आहे.

‘गाडी कुठे उभी असते?’ हा प्रश्न आता मी पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. झाडाखाली, वाळूच्या ढिगाशेजारी, पिठाच्या गिरणीसमोर, प्रत्येक उत्तराला आत वेगळं काहीतरी सापडतं.

शुक्रवारी रात्री मी काय करायला हवं होतं हेही मला स्पष्ट आहे. थरथर लागली तेव्हा काकांना सांगायला हवं होतं की वायर आणि फ्यूजचा धोका मिटला आहे, उद्याचा दिवस दुसऱ्या स्पीडवर काढा, सोमवारी परत आणा. ते आनंदानं कबूल झाले असते. तोल गेलेला पंखा चार दिवस चौथ्या स्पीडला फिरला तो नव्या बुशवर. तिसऱ्या स्पीडची गुणगुण त्यातूनच आली असेल तर ती माझ्याकडून आली.

दुकानात आता पंखा धुण्याआधी क्लिप असलेल्या पात्याला लाल रंगाचा ठिपका लावतात. तो ठिपका त्याच पोऱ्यानं सुरू केला. गेल्या महिन्यात एका गाडीचा पंखा त्यानं धुवायला घेतला आणि न धुताच माझ्याकडे घेऊन आला. ‘याला क्लिपच नाही. आधीच कुणीतरी टाकलेली दिसतीय.’

काकांच्या मोटरचे कार्बन पुढच्या मार्चमध्ये बघायचे ठरले आहेत. ते डब्याच्या फटीतून टॉर्चनं दिसतात, उघडायची गरज नाही. ५ मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर तेव्हा मात्र कान शेवटचे वाकवायचे, आणि बुश त्याच वेळी बघून घ्यायचे.